विश्लेषण : समुद्रावर परवाना कोणाचा? सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांचे गस्ती आरमार

हमरापूर म्हटले की आठवतात त्या गणेशमूर्ती. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे परिसरातील कारखान्यांतून त्या दूरदूर जातात. याच भागातून पश्चिमेला खारबंदिस्तीची जमीन ओलांडली की धरमतरची खाडी लागते आणि ती रेवस-करंजाजवळ मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. ३०० वर्षांपूर्वी या पाण्यातून मीठ, तांदूळ किंवा लाकूड घेऊन निघालेल्या तांडेलाला वारा आणि भरती-ओहोटीइतकीच आणखी एका गोष्टीची काळजी असे, ती म्हणजे जवळ परवाना कोणाचा आहे याची. इंग्रजांचा, पोर्तुगीजांचा, सिद्दीचा की आंग्र्यांचा? किनाऱ्यावर गस्त घालण्याचा आणि जहाज थांबवून कागद पाहण्याचा अधिकार कोणाचा, या एका प्रश्नावर कान्होजी आंग्रे यांनी तीन दशके झुंज दिली. आज हे काम तटरक्षक दल करते. त्या काळी ते करणाऱ्याला इंग्रजांनी चाचा ठरवले.

एका किनाऱ्याचे किती मालक?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आजचा रायगड जिल्हा समुद्राच्या बाजूने पाहिला तर चित्र गुंतागुंतीचे होते. उत्तरेला मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी. मध्ये रेवदंडा आणि कोर्लईत पोर्तुगीज. दक्षिणेला मुरुडजवळ जंजिऱ्यात सिद्दी. या तिघांच्या मध्ये अलिबागचा कुलाबा किल्ला आणि थळसमोरचे खांदेरी बेट मराठ्यांकडे, तर खांदेरीला खेटून असलेले उंदेरी पुन्हा सिद्दीकडे. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येईल अशा कुलाबा किल्ल्याच्या तटावरून उत्तरेकडे जाणारे प्रत्येक शीड दिसे.

शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला तो याच कोंडीतून वाट काढण्यासाठी. खांदेरीवर १६७९ मध्ये तटबंदी सुरू झाली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली. पण मराठ्यांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्री, वारा पडला की, मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. मोठे जहाज वाऱ्याचे ताबेदार, लहान होडी वल्ह्याची, हा धडा कान्होजींच्या पिढीला आयताच मिळाला.

आंगरवाडी ते सरखेलपद

कान्होजींचा जन्म १६६९ मधला. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, पुणे परिसरातील आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या छायेत गेले. परंपरा अशी सांगते, की किल्लेदार अचलोजी मोहिते किल्ला सिद्दीच्या हवाली करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी तो बेत उधळला आणि किल्ला लढवला. या कथेतील तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत, छत्रपती राजाराम महाराज दूर जिंजीला असताना, कोकणातील किल्ले सांभाळून धरणाऱ्यांत कान्होजी पुढे आले हे खरे. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले, पुढे समोरच्या किनाऱ्यावर अलिबाग वसले आणि १७२० मध्ये तेथे हिराकोट बांधला गेला.

दस्तक म्हणजे नेमके काय?

कान्होजींच्या सत्तेचा कणा तोफा नव्हे, कागद होता. मराठ्यांच्या पाण्यातून व्यापारी जहाज न्यायचे तर आधी ठरलेली रक्कम भरून दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा. दस्तक असेल तर वाटेत संरक्षण, नसेल तर जहाज आणि माल जप्त. ही पद्धत कान्होजींनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर कार्ताझ नावाचा असाच परवाना सक्तीचा केला होता आणि तो न घेणाऱ्याला ते बुडवत किंवा लुटत. इंग्रजही आपले परवाने देत. म्हणजे परवाना मागण्याला कोणाचाच आक्षेप नव्हता, एतद्देशीयाने तो युरोपीय जहाजाकडे मागण्याला होता.

यात एक खास मेख होती. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांखेरीज तिच्या नोकरांचा खासगी व्यापार चाले, शिवाय मुंबईचे देशी व्यापारीही आपल्या जहाजांवर इंग्रजी निशाण लावत. कान्होजींचे म्हणणे, कंपनीची जहाजे वेगळी आणि हे व्यापारी वेगळे. त्यांनी दस्तक घ्यायलाच हवे. इंग्रजांचे म्हणणे, निशाण आमचे तर जहाजही आमचे. पुढच्या बहुतेक लढाया या एका वाक्यावरून झाल्या.

तटरक्षक दलांचा जगभरचा इतिहास पाहिला तर कान्होजींची व्यवस्था विचित्र वाटत नाही. अमेरिकेचे तटरक्षक दल आपला उगम १७९० मध्ये मंजूर झालेल्या १० जकात नौकांत शोधते. ब्रिटनच्या तटरक्षक दलाची सुरुवात १८२२ मध्ये चोरटी आयात रोखण्यासाठी झाली. आपल्याकडेही सत्तरच्या दशकातील चोरटा व्यापार हेच मुख्य कारण होते. के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी दल उभे राहिले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. जकात आणि गस्त ही भावंडे सगळीकडे एकत्रच वाढलेली आहेत.

कोणते जहाज काय करायचे?

आरमारातील सर्वांत दांडगे जहाज म्हणजे गुराब. नाव अरबी, अर्थ कावळा. १५० टनांपासून ३०० टनांपर्यंतच्या गुराबा असत, लहानीला दोन डोलकाठ्या, मोठीला तीन. बांधणी लांबट आणि पुढचे नाकाड सखल, टोकदार, पाण्यावर झेपावलेले. युरोपीय जहाजाचा पुढचा भाग उंच असे आणि तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना. गुराबेच्या नाकाडामागे आडवी भिंत आणि तिच्या दोन खिडक्यांतून थेट समोर रोखलेल्या दोन तोफा, ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या. म्हणजे पळणाऱ्या जहाजाचा पाठलाग करता करताच गुराब गोळाफेक करू शके, तोंड वळवण्यात वेळ जात नसे.

दुसरे गलबत. हे साधारण ७० टनांपर्यंतचे, त्रिकोणी मोठ्या शिडाचे आणि मुख्य म्हणजे ४०-५० वल्ह्यांचे. मोठ्या गलबतावर सहा-आठ लहान तोफा बसत. लहान गलबतांचे डेक तर वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंचे असे. वारा नसतानाही वल्ह्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल सहज कापे. आज हा वेग हास्यास्पद वाटेल, पण वारा पडल्यावर पांगळ्या झालेल्या भल्यामोठ्या व्यापारी जहाजासमोर तो निर्णायक ठरत असे.

खरी ताकद दोघांच्या जोडीत होती. किल्ल्यावरून शीड दिसले की आठ-दहा गुराबा आणि चाळीसेक गलबते नांगर सोडून बाहेर पडत. वारा नसेल तर गलबते दोर बांधून गुराबांना ओढत नेत. गुराबा सावजाच्या मागच्या बाजूला राहत, कारण तेथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. पहिला मारा शिडे आणि डोलकाठ्यांवर. जहाज जागेवर खिळले की गलबतांतून माणसे चारही बाजूंनी तलवारी घेऊन वर चढत. ही माणसे प्रामुख्याने कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी समाजांतली. काही तोफांवर युरोपीय गोलंदाजही चाकरीला होते.

यांच्या मागे बिनबोभाट काम करणारी आणखी जहाजे होती. पाल हे मोठे लढाऊ जहाज. शिबाड दोन डोलकाठ्यांचे, पोट मोठे, मालवाहू. ते व्यापाराला उपयोगी आणि किल्ल्यांना रसद पोहोचवायलाही. मचवे, पडाव, तरांडी ही खाडीतली आणि किनाऱ्यालगतची वाहने. ही सगळी जहाजे उथळ पाण्यातून जाणारी होती आणि त्यामागे कोकणाचा भूगोल होता. संकट आले की ती धरमतर, कुंडलिका किंवा वाघोटणच्या खाडीत शिरत, खोल बुडाची विलायती जहाजे तोंडाशीच थांबत. रोह्याजवळचा अवचितगड कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवण्यासाठी आंग्र्यांना हवा होता तो म्हणूनच. पावसाळ्यात गस्त बंद, जहाजे खाडीत ओढून डागडुजी. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की पुन्हा हंगाम सुरू. बांधणीला सह्याद्रीच्या उतारावरचा साग आणि दुरुस्तीला विजयदुर्गाजवळच्या खाडीतली गोदी.

आजच्या तटरक्षक दलाच्या ताफ्याशी ही मांडणी ताडून पाहण्यासारखी आहे. दूरच्या पाण्यात दिवसेंदिवस राहणारी मोठी गस्ती जहाजे, म्हणजे सुमारे ९८ मीटर लांबीची विक्रम वर्गातील जहाजे, गुराबेच्या जागी. त्यांच्या खालोखाल जलदगती गस्ती जहाजे आणि किनाऱ्यालगत ४५ नॉटपर्यंत धावणाऱ्या सुमारे २७ मीटरच्या अडवणूक बोटी, त्यांचे काम गलबताचे. उथळ पाणी आणि चिखलासाठी हॉवरक्राफ्ट. तेलगळती आवरणारे प्रदूषण नियंत्रण जहाज मात्र सर्वस्वी नव्या काळाचे, त्याला जुन्या आरमारात जोडीदार सापडत नाही. लहान बोटींचे महत्त्व रायगडला वेगळे सांगायला नको. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावरच उतरली होती.

छत्रपती कोणते, शाहू की ताराबाई?

औरंगजेबानंतर शाहू महाराज सुटून आले आणि मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला राहिले. शाहूंनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी घाट चढून लोहगड, राजमाची घेतले आणि पेशव्यांनाच कैद केले. आरमाराचा अधिकारी साताऱ्याच्या वाटेवर, अशी वेळ आली. तेव्हा पुढे झाले बाळाजी विश्वनाथ. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे किनाऱ्याची आणि कान्होजींची नस ओळखणारे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पेशवाई मिळाली आणि लोणावळ्याजवळच्या भेटीतून तह ठरला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, पेशव्यांना सोडले. बदल्यात सरखेलपद कायम झाले आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, अवचितगड अशी १० प्रमुख ठाणी व १६ दुय्यम ठाणी त्यांच्याकडे राहिली. पुढच्या सगळ्या समुद्री लढायांना घाटावरचा आधार मिळाला तो या तहामुळे. बाळाजींच्या कर्तबगारीत दिल्लीच्या सनदांचे कौतुक जास्त होते, या भेटीचे कमी. खरे तर कोकण किनारा मराठी राज्यात राहिला तो येथे.

३० हजार रुपयांची सुटका

इंग्रजांशी चकमकी १७०२ पासून सुरू होत्या. त्या वर्षी काही इंग्रज खलाशांसह एक लहान व्यापारी जहाज पकडले गेले. पण मुंबईला खरा धक्का बसला १७१२ मध्ये. कारवारहून निघालेली गव्हर्नर एस्लाबी यांची सशस्त्र नौका आंग्र्यांच्या जहाजांनी गाठली. कंपनीचा कारवारचा प्रमुख टॉमस चाऊन लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण, गरोदर पत्नी कॅथरीन कुलाब्यात कैदेत आली. ३० हजार रुपये देऊन १७१३ च्या आरंभी तिची सुटका झाली आणि त्याच सुमारास कंपनी व कान्होजी यांच्यात समेट झाला.

या प्रसंगाला मुलामा देण्याचे कारण नाही. बाईच्या सुटकेसाठी पैसे घेणे हा त्या काळच्या समुद्री युद्धाचा रिवाज होता, पण तिच्यासाठी ते महिने काय असतील हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. कान्होजींची गस्त उत्पन्नाचे साधनही होती आणि जरबेचेही, हे मान्य करूनच त्यांच्याकडे पाहावे लागते.

चार्ल्स बून यांच्या चढाया

गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ च्या अखेरीस मुंबईत आले आणि आंग्र्यांचा बंदोबस्त हे त्यांनी जणू व्रतच घेतले. मुंबईचा तट उभारला, नवी लढाऊ जहाजे बांधली. समेटातील निशाणाचा घोळ पुन्हा उफाळला होताच. १७१७ मध्ये विजयदुर्गावर चढाई झाली, फसली. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर स्वतः बून गेले, तीही फसली.

खांदेरीच्या अपयशाला कोणी तरी जबाबदार हवा होता. तो मिळाला रामा कामती यांच्या रूपाने. मुंबईतले बडे सारस्वत व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचे प्रमुख, वाळकेश्वरचे मंदिर १७१५ मध्ये पुन्हा उभारणारे. त्यांनी कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये खटला चालला. मालमत्ता जप्त, जन्मठेप. कैदेतच त्यांचा अंत झाला. पुढे पुराव्यातील पत्र बनावट असल्याचे उघड झाले, तोवर फार उशीर झाला होता. समुद्रावरच्या हरलेल्या लढाईची किंमत जमिनीवर एका माणसाने अशी चुकती केली.

१७२० मध्ये विजयदुर्गावर पुन्हा चढाई. या वेळी फ्रॅम नावाची, जाड लाकडाची तरंगती तोफखाना-नौका मुद्दाम बांधून नेली. तिच्या तोफांची तोंडे इतकी खाली बसवली होती की गोळे पाण्यातच पडू लागले. मुंबईच्या गोदीतले हे कौतुक किल्ल्याचा तट काही फोडू शकले नाही.

शेवटची मोठी मोहीम १७२१ च्या डिसेंबरातली. इंग्लंडहून कमोडोर टॉमस मॅथ्यूज राजाची चार युद्धजहाजे घेऊन आला होता. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने फौजेसह सामील झाला. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून दोघे मिळून, लक्ष्य कुलाबा. इंग्रज शिड्या लावून तटाला भिडले, पण मोठे नुकसान सोसून मागे हटले. पोर्तुगीजांची फळी मराठी घोडदळासमोर मोडली. मोहिमेबरोबर असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने लिहून ठेवले आहे, की मॅथ्यूज इतका संतापला की त्याने पोर्तुगीज सेनापतीवर हातातली काठी उगारून त्याचा अपमान केला. दोन मित्रांत बेबनाव झाला आणि तेवढ्यात पेशवे बाजीराव फौज घेऊन येऊन ठेपले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले. बून त्याच सुमारास विलायतेला परतले. १७२४ मध्ये डचांनीही ७ जहाजे घेऊन विजयदुर्गावर हात आजमावून पाहिला, निकाल तोच.

चाचे की सरखेल?

बून यांच्यानंतरचे गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्याशी कान्होजींचा १७२४ मध्ये पत्रव्यवहार झाला. गव्हर्नरांनी लुटीचा ठपका ठेवला. कान्होजींचे उत्तर नरम नव्हते. व्यापारी म्हणून आलेल्यांनीही बळाच्या जोरावरच मुलूख मिळवला आहे, मग एकालाच दोष का, असा त्याचा रोख होता. वाद मिटला नाही, पण दोन बरोबरीच्या सत्तांसारखी ही पत्रे गेली-आली, यातच बरेच काही येते. चाच्याशी कोणी तह करत नाही, तहातील कलमांवरून त्याच्याशी वर्षानुवर्षे भांडत तर नाहीच. कान्होजींकडे राजाची सनद होती, ठरलेला कर होता, कागद होता, किल्ले होते, अलिबागी रुपया हे आंग्रे घराण्याचे नाणे चालत होते. दस्तक असलेल्या जहाजाला जाऊ देणे हा त्यांच्या गस्तीचा पाया होता, आणि गस्तवाला व लुटारू यांच्यातली रेघ तीच.

इंग्रजी पुस्तकांत मात्र चाचा हा शब्द टिकला तो टिकलाच. स्वतंत्र भारताने मुंबईतील नौदलाच्या किनारी तळाला १५ सप्टेंबर १९५१ रोजी आयएनएस आंग्रे हे नाव दिले. खांदेरी बेटावरच्या, १८६७ पासून उभ्या असलेल्या दीपगृहालाही आता कान्होजींचे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशातील १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे आंग्र्यांचे तीन किल्ले आहेत. कुलाबा त्यात नाही, ही चुटपुट अलिबागकरांना लागून राहिली तर नवल नाही.

आरमाराचे पुढे काय झाले?

कान्होजींचे निधन ४ जुलै १७२९ रोजी झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. थोरले चिरंजीव सेखोजी सरखेल झाले, पण चार वर्षांतच वारले. मग भावाभावांत वाद. १७३५ मध्ये वाटणी झाली, मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे विजयदुर्ग. एकाच धन्याच्या हुकमाने निघणाऱ्या गुराबा आणि गलबते आता दोन तळांत विभागली. संभाजींनंतर विजयदुर्गावर आलेले तुळाजी लढवय्ये होते, मात्र पेशव्यांशी त्यांचे जमले नाही.

वडिलांच्या वेळी मुंबईच्या चढाया फसल्या त्याचे एक मोठे कारण घाटावरून येणारी मदत होते. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी उलट मुंबईकर इंग्रजांशी करार केला. कमोडोर जेम्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती आणि तुळाजी तिच्याशी बोलणी करायला किल्ल्याबाहेर गेले होते. आरमार खाडीत एकमेकांना बांधून उभे होते. इंग्रजांचा एक तोफगोळा त्यांपैकी एका जहाजावर पडला, ते आधी इंग्रजांकडूनच पकडलेले जहाज होते. त्याची आग शेजारच्या गुराबेला, तिची पुढच्या गलबताला लागत गेली आणि गोदीत बांधणीला घातलेल्या जहाजांपर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.